नैरोबीत घर बघताना

आज दिवसभर नैरोबीत घरं बघत फिरलो. पार्कलँड्सला डायमंड प्लाझात कढीपत्ता, तूरडाळ सगळं मिळतं, जिन्यात गुजराती कानावर पडतं. बायकोचं मन तिथेच अडकलंय. मला किलेलेश्वाची झाडी आवडली. पण इथे खोल्यांआधी पाण्याचं विचारायचं: बोअरवेल आहे का, टाकी केवढी, वीज गेल्यावर जनरेटरवर लिफ्ट चालते का? नळाचा भरवसा नाही, बऱ्याच भागांत पाणी वार लावून येतं. शहराबाहेर स्योकिमाऊला भाडं कमी. तिथून २०२२ पासून थेट पार्कलँड्सशेजारच्या वेस्टलँड्सपर्यंत एक्स्प्रेसवे आहे, पण रोजचा टोल कोण भरणार? केरेन या श्रीमंत वस्तीतले बंगले नुसते बघून घेतले (बघायला पैसे पडत नाहीत). मुलीची शाळा वेस्टलँड्सला ठरली, तर पार्कलँड्सच. बायकोने पडद्यांची मापंही घेतलीत.