तुम्ही विचारलंत म्हणून: पैसे देऊन घाबरायचं कशाला?

भीतीचं मानसशास्त्र शिकवतो म्हटलं की लातूर-धाराशिवकडं एक प्रश्न हमखास येतो, आणि तोही जाब विचारल्यासारखा. "सर, ज्या मुलखात किल्लारीचा भूकंप झाला, तिथली पोरं जत्रेत तिकीट काढून भूतबंगल्यात जातात, बोंबलत बाहेर येतात अन् पुन्हा रांगेत उभी राहतात. भ्याव म्हणजे काय ते यांना ठाऊक तरी आहे का?" उत्तर मात्र दोन वाक्यांत हवं असतं. ते दोन वाक्यांत बसत नाही, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

अंधारात कुणी अंगावर आलं की डोळे मिटतात, मान आखडते, खांदे वर जातात. मेंदूत आत खोलवर अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग असतो. त्याच्याकडे धोक्याची वर्दी आधी पोचते, विचार करणारा मेंदू मागून येतो. मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी अॅड्रेनलिन सोडतात, छाती धडधडते, तळहात ओले होतात. मग कळतं की हा तर रबरी मुखवटा. धोका गेला, तरी अंगातली उसळी काही मिनिटं टिकते. ती सुटकेच्या आनंदात मिसळते आणि हसू नेहमीपेक्षा मोठं फुटतं. मानसशास्त्राचे संशोधक डॉल्फ झिलमन यांनी 1970च्या दशकात हीच उरलेली उत्तेजना पुढच्या भावनेला कशी चढवते ते मांडलं.

मात्रा मात्र नेमकी लागते. डेन्मार्कमधल्या एका भूतबंगल्यात 110 जणांना नाडीचे ठोके मोजणारी यंत्रं लावून पाहणी झाली, 2020 साली ती छापून आली. फार कमी घाबरलेल्यांना मजा कमी आली, फार घाबरलेल्यांनाही कमीच. जत्रेतला जाणता कारागीर हे मोजमापाशिवाय ओळखतो. तो आधी लांब, शांत, काळोखी बोळ ठेवतो आणि मग एकदाच दचकवतो. प्रत्येक वळणावर माणूस उभा केला, तर चौथ्या वळणापर्यंत शरीर सरावतं आणि पोरं बाहेर येऊन तिकिटाचे पैसे परत मागतात.

आता किल्लारी. 1992च्या ऑगस्टपासून त्या भागात धक्के जाणवत होते, ऑक्टोबरात एक मोठाही बसला. शास्त्राच्या भाषेत त्या काळाचं वर्णन करायचं तर असं: जमीन हादरते, भांडी वाजतात, सकाळी घर जागेवर असतं. असं पुन्हा पुन्हा झालं की मेंदू हिशोब मांडतो, हादऱ्यानं काही होत नाही. आणि मग 30 सप्टेंबर 1993. गणपती विसर्जनाची रात्र, पहाटेचे 3 वाजून 56 मिनिटं. दगड-मातीच्या जाड भिंती, वर माळवद. भिंतीचे आतले-बाहेरचे दगड एकमेकांत गुंफलेले नव्हते, त्यामुळं भिंती फुगून फुटल्या आणि उन्हाळ्यात घर गार ठेवणारा छतावरचा मातीचा थर झोपलेल्या माणसांवर आला. हजारो माणसं गेली.

जी वाचली त्यांच्या मेंदूनं एका पहाटेत जे शिकलं, ते पुसलं जात नाही. छत, दगड, रात्र, जमिनीतला घुमा आवाज, सगळं त्या भीतीला चिकटलं. पुढं सुरक्षित घर मिळालं तरी माणूस पत्र्याच्या शेडमध्ये झोपणं पसंत करतो, कारण नवी शिकवण जुनीच्या वर बसते, तिच्या जागी नाही. हिंगोली जिल्ह्यात वसमत-औंढ्याकडं जमीन गुरगुरली की तिथली माणसं अंगणात धावतात, त्यांना भित्रं म्हणणाऱ्याचा मला मनापासून राग येतो. तसाच भूतबंगल्यातल्या पोरांना निर्लज्ज म्हणणाऱ्याचाही येतो. दोघांच्या अंगातलं अॅड्रेनलिन एकच. पोराला बाहेरचं दार ठाऊक आहे, त्या पहाटे कुणालाच दार नव्हतं.

पूर्वी मी वर्गात इथंच थांबायचो: सुरक्षिततेची खात्री असली की भीतीची मजा येते. आता तेवढ्यानं माझंच समाधान होत नाही. शेडमधला माणूस सुरक्षित होता आणि ते त्याला ठाऊकही होतं. ठाऊक असणं डोक्याचं, भरवसा शरीराचा. शिवाय खेळातली भीती खऱ्या संकटाची तालीम असते म्हणतात. कोरोनाच्या सुरुवातीला भयपटप्रेमींनी मानसिक त्रास कमी असल्याचं सांगितलं, अशी एक पाहणी आहेही. पण भयपटांनी ती माणसं कणखर झाली, की मुळात कणखर होती म्हणून भयपट बघत होती, हे त्यातून ठरत नाही. 1992च्या धक्क्यांचा विचार केला की मला उलटंच भय वाटतं: छोटी भीती तयारी शिकवते की बेफिकिरी? माझ्याकडे उत्तर नाही.

एवढं मात्र सांगता येतं. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या जत्रेत लेकराला भूतबंगल्यात न्यायचं असेल, तर आधी बाहेर पडायची वाट दाखवा. हात दाबला की परत फिरायचं, हे ठरवून घ्या आणि पाळा. घाबरून रडणाऱ्याला ओढत पुढं नेऊ नका, त्यानं मनाशी दार बंद असल्याचंच पक्कं होतं. बाहेर आल्यावर हसू नका. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावायला सांगा, पाच-दहा मिनिटं शेजारी बसा. आणि त्याच रात्री "चल, आता धीट हो" म्हणून पुन्हा रांगेत उभं करू नका.