मणी तर सगळे आहेत

"अगं, मणी तर सगळे आहेत ना!" वहिनी एवढंच म्हणाली. रागाने नाही, थट्टेने तर नाहीच. माझा चेहरा बघून समजूत घालायला म्हणाली. आणि दुपारपासून ते वाक्य डोक्यातून जात नाहीये.

चिनूच्या मनगटावर आधी मला मणी ओळखू आले, मग काय झालंय ते कळलं. राखाडीकडे झुकणारा तो निळा. माझ्याकडे त्या रंगाची एकच पुडी होती आणि ती सगळी मी वहिनीला करून दिलेल्या माळेत गेली होती. "आत्या, बघ ना, मी केलं! आईच्या माळेचं." इलॅस्टिकवर ओवलेलं ब्रेसलेट, मध्ये एक लाल प्लास्टिकचा मणी, पुढे एक चांदणी, परत माझे निळे. मैत्रिणींसाठीही केलीत म्हणे. छान झालंय म्हटलं. ती इतक्या आनंदाने हात पुढे करून उभी होती, दुसरं काय म्हणणार.

ती माळ ओवलेली नव्हती, विणलेली होती. हा फरक मी घरात कुणाला कधी सांगितला नाही आणि आज सांगायला तोंड उघडलं असतं तर रडू आलं असतं. म्हणून इथे लिहिते. पेयोटी टाका, म्हणजे सुईदोऱ्याने मणी एकमेकांत विणायची एक पद्धत. पहिल्या दोन ओळी एकत्रच ओवायच्या, सरळ. तिसऱ्या ओळीला एक मणी सुईत घ्यायचा, खालचा एक सोडायचा आणि पुढच्यातून सुई काढायची. इथे सगळं पिरगळतं. हातात धरवत नाही, कुठला मणी वरचा आणि कुठला खालचा हे कळेनासं होतं. नवशिकी माणसं इथेच सोडून देतात. पण नेटाने चार-पाच ओळी ओढल्या की अचानक पट्टीला अंग येतं. प्रत्येक मणी दोन मण्यांमधल्या खाचेत जाऊन बसतो आणि बोटांना ते डोळ्यांच्या आधी कळतं. त्या क्षणासाठी मी हे सगळं करते, असं मला कितीदा वाटलंय.

मणी अकरा नंबरचे, जपानी, नळीच्या आकाराचे. नंबर जितका मोठा तितका मणी बारीक. अकरा नंबरचा साधा गोल मणी साधारण 2 मिलिमीटरचा, हे त्याहून बारीक, 1.6 च्या आसपास. सगळे एका मापाचे. एरवी मला चेक मणी जास्त आवडतात, गोलसर, जरा कमी-जास्त, हाताने निवडून घ्यावे लागणारे. पण रंग उतरवत न्यायचा असेल तर ते चालत नाहीत. एक जाडा मणी आला की पट्टी तिथे फुगते आणि नजर तिथेच अडकते. त्या माळेत निळा उतरत उतरत राखाडी होत होता. आधी ओळीत एखादाच राखाडी, मग दोन, मग निम्मे, मग निळाच एखादा उरलेला. दिवसाच काम करायचं, कारण ट्यूबलाइटखाली मधल्या दोन छटा सारख्याच दिसतात. त्या वर्षी दुसरं काही करायला सुचतही नव्हतं. असो.

उसवली नसणार, कापलीच असणार. पेयोटी उलटी उसवता येते, सुई काढून दोरा मागे मागे ओढत. पण एका मण्यातून एकापेक्षा जास्त वेळा सुई गेलेली असते. कुठेतरी ती आधीच्या दोऱ्याला भोसकून गेलेली असते आणि तिथे दोरा जो अडतो तो अडतोच. शिवाय हा दोरा मुळात मासेमारीसाठी बनवलेला, महागडी कात्रीही त्याच्यापुढे बोथट होते. मुलांची कागद कापायची कात्री मात्र त्याला बरोबर कापते. मी स्वतः तीच वापरते. चिनूकडे तीच आहे.

मणी तर सगळे आहेत. खरंच आहेत. मग गेलं काय?

माझा वेळ गेला म्हणावं, तर तो विणतानाच गेला होता आणि सुखाने गेला होता. माळ गेली म्हणावं, तर ती माझी नव्हतीच, दिली होती. वहिनीने ती कधी घातली होती का, आठवून बघितलं. एकदा बहुतेक. की तेही मीच मनात रंगवलंय? दिलेल्या वस्तूचं कुणी काय करावं हे आपण ठरवायचं नसतं, हे मी इतरांना किती सहज सांगितलंय. मग विचारलं नाही याचं वाईट वाटलं का? हो, थोडं. पण ते नाही मुख्य. मुख्य हे, की वहिनीच्या हिशेबात मणी म्हणजेच माळ. माझ्या हिशेबात मणी म्हणजे कच्चा माल. कुठल्या शेजारी कुठला, हे मी ठरवलं होतं, आणि तेवढंच माझं होतं. तेवढंच नेमकं पुसलं गेलं, आणि वजन केलं तर एका मण्याचाही फरक पडणार नाही.

संध्याकाळभर हे घेऊन बसले होते. मग आजच्या इराकमधल्या उर या प्राचीन शहरात थडगं सापडलेल्या त्या राणीची आठवण झाली, पुआबीची. साडेचार हजार वर्षांपूर्वीची. पुरातत्त्वज्ञ लेनर्ड वुली यांनी 1920 च्या दशकात ते थडगं खणलं तेव्हा दोरे केव्हाच कुजून गेले होते. हाती आले ते लाजवर्द या निळ्या दगडाचे हजारो बारीक मणी आणि सोन्याची छोटी हरणं, बैल, पानं, फळं. त्या सगळ्यांचा मिळून एकच मुकुटपट्टा असावा असं धरून तो तसा जुळवला गेला आणि कित्येक दशकं तसाच दाखवला गेला. पुढे फिलाडेल्फियाच्या संग्रहालयातल्या अभ्यासकांनी नोंदी परत तपासल्या आणि ठरलं, की हा एक दागिना नाहीच, अनेक वेगवेगळे आहेत. मग परत सोडवले, परत ओवले. मणी तेच.

आणि दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लॉम्बोस गुहेतले ते शिंपले, सुमारे 75,000 वर्षांपूर्वीचे, वाटाण्याएवढे. भोकाच्या कडा दोऱ्याने आणि शेजारच्या शिंपल्याने घासून गुळगुळीत झाल्यात. त्या झिजेवरून अभ्यासकांनी काढलंय, की तिथे शिंपले ओवायची पद्धत काळागणिक बदलत गेली. आधीच्यांनी एका तऱ्हेने ओवले, नंतरच्यांनी दुसऱ्या. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी नुसती माहिती म्हणून वाचलं होतं. आज मात्र त्या आधीच्या कुणाबद्दल विचार करत बसले. आपल्या हातची तऱ्हा पुढच्या पिढीने बाजूला ठेवलेली बघून तिलाही असंच झालं असेल का. आणि झालं असेल तरी पुढची माळ तिने केलीच असेल, इतकं मला नक्की वाटतं. हात स्वस्थ बसत नाहीत.

एक गोष्ट लिहायची राहिली. निघताना चिनूने तिचा पसारा दाखवला. बाटल्यांची झाकणं ओळीने मांडलेली आणि त्यांत माझे मणी वेगवेगळे केलेले. निळा, निळा-राखाडी, राखाडी-निळा, राखाडी. मधल्या त्या दोन छटा. वहिनीला विचारलं असतं तर तिने दोन्ही एकच म्हणून सांगितल्या असत्या. चिनूने त्या न सांगता वेगळ्या काढल्या होत्या. मी तेव्हा इतकी दुखावलेली होते, की त्याकडे धड बघितलंही नाही. आता रात्री ती झाकणंच डोळ्यांपुढे येतायत.

तिची ती ब्रेसलेट टिकणार नाहीत, हेही दिसलं होतं. नळीच्या मण्यांची कड धारदार असते, इलॅस्टिकला ती कापते. तिने गाठही साधी मारली होती. इलॅस्टिक आधी चांगलं ताणून घ्यायचं, नाहीतर घातल्यावर सैल पडतं आणि मण्यांच्या मध्ये फटी दिसतात. गाठीला पहिला फेरा दोनदा घ्यायचा, मग ओढायचं. रविवारी आठ नंबरचे गोल मणी घेऊन जाईन, इलॅस्टिकला तेच बरे. आणि अकरा नंबर वाया घालवायचे नसतील तर सुई लागेल. सुई धरायला बसेल का ती? बसेल. चार झाकणं मांडणारी पोरगी बसेल.

वहिनीला मात्र एक विचारायचंय. मणी सगळे आहेत, मान्य. पण माळ अडकवायचा आकडा आजीच्या सरीचा होता. इलॅस्टिकला आकडा लागत नाही, म्हणजे तो घरात कुठेतरी पडलेला असणार. तो मला परत हवाय.