आमची वाटचाल : सभासदांची वही

१९९६ च्या गुढीपाडव्याला सांगलीच्या गावभागात आम्ही लायब्ररी उघडली. सहाशे पुस्तकं, दहा बाय बाराचा भाड्याचा गाळा आणि ह्यांच्या प्रॉव्हिडंट फंडातून काढलेले चाळीस हजार रुपये, एवढंच भांडवल होतं. अनामत शंभर रुपये, महिन्याची वर्गणी वीस. गावात जुनी सार्वजनिक वाचनालयं असताना तुमच्याकडे कोण येणार, असं घरच्यांनीही विचारलं होतं. पण नवी कादंबरी आमच्याकडे बाजारात आल्याच्या आठवड्यात मिळायची आणि मासिकं आली त्याच दिवशी फिरायला लागायची. वर्षभरात एकशे ऐंशी सभासद झाले.

सभासद मिळवणं मला कधी फार जड गेलं नाही. दिवाळीआधी पंधरा दिवस तर नाव नोंदवायला रांग लागते. १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक निघाला, तेव्हापासून मराठी घराला फराळाबरोबर अंकही लागतो, आणि तीन-चारशे रुपयांचा एकेक अंक विकत घेणं सगळ्यांना जमत नाही. आमच्या योजनेत अंक तीन दिवसांत बदलायचा. मार्चअखेर एक अंक पस्तीस-चाळीस घरं फिरतो आणि त्यावर आमचं वर्षाचं भाडं निघतं. खरी कसोटी एप्रिलपासून. योजना संपली की निम्मे लोक येईनासे होतात, आणि जे जातात ते काही सांगून जात नाहीत.

हे मला कळायला सहा वर्षं लागली. १९९९ मध्ये अल्फा मराठी सुरू झालं, पुढच्या वर्षी ई-टीव्ही मराठी. संध्याकाळी सात ते नऊ ही आमची गर्दीची वेळ. तीच मालिकांची झाली. पहिल्यांदा मी दुकानाची वेळ बदलली. सकाळी दहा ते एक उघडायला लागले, म्हणजे बाजाराला निघालेल्या बायका जाता जाता पुस्तक बदलतील. थोडा फरक पडला. तरी २००२ च्या जूनमध्ये सभासदांची वही उघडून बसले तेव्हा दिसलं, की साडेतीनशे नावांपैकी एकशे चाळीस जणांनी दोन महिन्यांत पुस्तकच बदललं नव्हतं. मी सगळं खापर टीव्हीवर फोडून मोकळी झाले होते.

त्यातल्या साठेक घरांत मी स्वतः गेले. तीन आठवडे, दुपारची. एका काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. एका गुरुजींना आमच्या गाळ्याच्या तीन उंच पायऱ्या गुडघ्यांमुळे चढवत नव्हत्या. एकीची मुलगी बाळंतपणाला आली होती. टीव्हीमुळे वाचन सुटलं असं सांगणारे मोजून आठ निघाले. आणि सगळ्यांत जास्त लोकांनी जे कारण दिलं ते ऐकून मला वाईट वाटलं. पुस्तक घरी राहिलं, दिवस वाढत गेले, दंड किती झाला असेल या संकोचानं त्यांनी यायचंच सोडलं होतं. रोज पंचवीस पैसे दंड! एका वहिनींनी मला दारात बघून विचारलं, “दंड सांगायला आलाय होय?” पुस्तक त्यांनी ट्रंकेत, साडीच्या घडीत जपून ठेवलं होतं.

त्या महिन्यात दंड बंद केला. पुस्तकं बुडतील असं ह्यांना वाटत होतं. तशी ती बुडाली नाहीत. वर्षाकाठी दहा-बारा हरवायची, तेवढीच हरवत राहिली. पायऱ्यांना लोखंडी कठडा बसवला. आणि दर गुरुवारी दुपारी चाळीस दिवसांत न आलेल्यांना फोन करायचा, हा नेम तेव्हापासून सुरू आहे. फोनवर पुस्तकाची आठवण करायची नाही, हा माझा पहिला नियम. ‘बऱ्या आहात ना?’ एवढंच विचारायचं. पुस्तकाचं त्या आपणहून बोलतात.

दुसरा मोठा बदल एका वाचकानं शिकवला. कुणीतरी एका कादंबरीच्या समासात पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘पान चाळीसपर्यंत धीर धरा’. मी खोडरबर घेऊन बसले आणि मनात आलं, की हे वाचून पुढच्या माणसानं खरंच धीर धरला असेल. मग प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याच्या आत रेघांचा एक कागद चिकटवायला सुरुवात केली. अट एकच, शेवट सांगायचा नाही. खाली आद्याक्षरं. लोक दोन ओळी लिहायचे, कधी पान भरायचे. ‘ज. कु.’ आणि ‘सौ. म.’ अशा दोन वाचक होत्या. एकमेकींना कधी भेटल्या नव्हत्या, पण नवं पुस्तक नेताना दोघीही आधी मागचा कागद बघायच्या, दुसरीनं काय म्हटलंय म्हणून. एकीला जे आवडलं ते दुसरीला हमखास पटायचं नाही. नवीन खरेदी करताना मला या कागदांइतकी मदत कुठल्याही परीक्षणानं केली नाही.

वहीतही मी एक रकाना वाढवला, ‘नको’चा. काय आवडतं ते सगळे जण सारखंच सांगतात. ऐतिहासिक, कौटुंबिक, थोडं विनोदी. नको काय, ते मात्र प्रत्येकाचं वेगळं असतं. ‘बारीक टाइप नको.’ ‘लहान मुलाचे हाल नकोत.’ एका बाईंचे यजमान गेले तेव्हा त्यांच्या नावापुढे मी ‘आजारपण नको’ असं लिहून ठेवलं आणि वर्षभर तसं एकही पुस्तक त्यांच्या हाती जाऊ दिलं नाही. मग एक दिवस त्यांनीच सांगितलं, “आता द्या, वाचवेल मला.”

एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. आमच्या एका निवृत्त ग्रंथपाल सभासदांनी ते मला कागदावर लिहून दिले. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. तो कागद काउंटरच्या काचेखाली होता.

ऑगस्ट २०१९ मध्ये कोयनेतून विसर्ग वाढत गेला आणि कृष्णेचं पाणी चढायला लागलं. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी पंचेचाळीस फूट. त्या वर्षी पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं. २००५ चा अनुभव होता, म्हणून खालच्या कप्प्यांतली पुस्तकं वर चढवली. संध्याकाळी गुडघाभर पाण्यात शटर ओढताना हातात नेता येईल एवढंच नेलं : सभासदांच्या तीन वह्या आणि कार्डांचा लाकडी ट्रे. पुस्तकं पुन्हा छापली जातात. कोणाला काय नको, हे दुसरीकडे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

नऊ हजारांतली सहा हजारांवर पुस्तकं गेली. पाणी आठवडाभर आत होतं. बुरशीला दोन-तीन दिवस पुरतात. दिवाळी अंकांची गुळगुळीत पानं एकमेकांना अशी चिकटली होती की अंकाची वीट झाली होती. साधा कागद तुलनेनं तग धरतो. पानापानांत वर्तमानपत्र घालून, सावलीत पंख्याखाली तीनेकशे पुस्तकं वाळवली. मागच्या कागदांवरची शाई मात्र धुऊन गेली. मला सगळ्यांत जास्त रडू त्याचं आलं.

चारशे बारा सभासदांना फोन केले. सुमारे सातशे पुस्तकं त्यांच्या घरी होती. ज्यांची घरं बुडाली नव्हती त्यांनी ती आणून दिली. अनेकांनी घरातली जुनी पुस्तकं देऊ केली. मी हात जोडून नाही म्हटलं. कुणी न वाचलेल्या पुस्तकांनी कपाट भरतं, वाचक परत येत नाही. त्याऐवजी वर्षाची वर्गणी आगाऊ मागितली आणि प्रत्येकाला विचारलं, की बुडालेल्यांतलं कोणतं पुस्तक आधी आणू? एकशे त्रेसष्ट जणांनी पैसे भरले. त्या पैशांतून आणि त्याच यादीवरून खरेदी केली.

लायब्ररी विश्रामबागला हलवली, कारण तिथे पाणी येत नाही. पण गावभागातल्या वयस्कर वाचकांना रिक्षाशिवाय पोचता येईना, म्हणून घरपोच सेवा काढली. सहा महिन्यांत लॉकडाऊन आला. जून २०२० पासून परत आलेलं पुस्तक तीन दिवस बाजूला ठेवून मगच पुढे द्यायचो. वाचक कपाटापाशी येऊन निवडत नव्हते, मीच निवडून पाठवायची. ‘नको’चा रकाना नसता तर हे जमलंच नसतं.

आज साडेपाचशे सभासद आहेत, त्यातली दोनशे दहा घरं घरपोचची. मंगळवारी गावभाग, शुक्रवारी बाकीचं गाव. नव्या पुस्तकांत रेघांचे कागद पुन्हा चिकटवलेत. ‘सौ. म.’ आता पुण्याला मुलाकडे असतात, ‘ज. कु.’ अजून लिहितात.

आज गुरुवार. यादीत अकरा नावं आहेत. त्यातल्या एका आजोबांनी सत्तावीस वर्षांत कधी तीन आठवड्यांच्या वर पुस्तक ठेवलेलं नाही, आणि आता पंचेचाळीस दिवस झालेत. पहिला फोन त्यांना लावते.