तुम्ही विचारलंत म्हणून: हातातलं काम सोडून उठताना

"मुलं, घर, नोकरी सगळं सांभाळायचं, तर दोन-दोन कामं एकदम कशी उरकायची?" हा प्रश्न आयांकडून नेहमी येतो. खरं सांगायचं तर लक्ष लागणारी दोन कामं एकदम होतच नाहीत. मन एकावरून दुसऱ्यावर उडी मारतं आणि दर उडीत वेळ जातो. रुबिनस्टाइन, मेयर आणि इव्हान्स या मानसशास्त्रज्ञांनी २००१ साली प्रयोगांतून हे दाखवलं. कामं जितकी गुंतागुंतीची, तितका वेळ जास्त जातो.

जोडी जमते ती हाताच्या आणि कानाच्या कामाची. कपड्यांच्या घड्या घालता घालता मुलाचं पाठांतर ऐकता येतं. गणित समजावायचं असेल तर मात्र घड्या बाजूला ठेवा. यंत्राचं कामही छान जोडता येतं, फक्त एक घोळ होतो. वॉशिंग मशीन लावलेलं लक्षात राहतं, थांबलेलं राहत नाही. ओले कपडे आत तासन्तास पडून कुबट वास धरतात आणि पुन्हा धुवावे लागतात. म्हणून बटण दाबतानाच फोनवर गजर लावा. मशीन थांबेल तेव्हा तुम्ही मीटिंगमध्ये असणार असाल, तर मशीन नंतर लावा.

औषध देणं, बाळाची अंघोळ, गरम तेल, गाडी चालवणं: यांच्या जोडीला काहीही नको, फोन तर नकोच. औषध बाटलीसोबत आलेल्या मापानं, मिलिलिटरची रेघ डोळ्यांसमोर धरून मोजा. घरातले चमचे लहानमोठे असतात. दिल्याबरोबर वेळ लिहून ठेवा, नाहीतर घरातलं दुसरं कुणी तोच डोस पुन्हा देतं.

सगळ्यात जास्त वेळ खातं ते मधेच उठावं लागणं. "आई, जरा ये ना" कुणालाच टाळता येत नाही. पण परत आल्यावर "मी कुठे होते?" यात मिनिटं जातात. संशोधक सोफी लरॉय यांनी २००९ साली मांडलं, की अर्धवट सोडलेलं काम मनात रेंगाळतं आणि पुढच्या कामावर नीट लक्ष लागू देत नाही. यावर उपाय पाच सेकंदांचा आहे: उठण्याआधी पुढची पायरी लिहा. नुसतं 'रिपोर्ट' लिहून भागत नाही. 'तिसऱ्या तक्त्याची बेरीज तपासायची, मग पाठवायचं' असं लिहा. आणि कागद एकच ठेवा. चार जागी चिठ्ठ्या असल्या की त्या शोधणं हेच एक काम होऊन बसतं.

सकाळचं गणित उलटं मांडा. साडेसातला दाराबाहेर पडायचं तर बूट-दप्तराला १० मिनिटं, खाण्याला २०, अंघोळ-कपड्यांना २०, अंथरुणातून उठून भानावर यायला १०. म्हणजे साडेसहा. वर १५ मिनिटं सैल ठेवा, म्हणजे सव्वासहा. हे आकडे अंदाजानं धरू नका, तीन दिवस घड्याळ लावून मोजा. काहनमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच सांगितलंय, की कामाला लागणारा वेळ माणूस बहुतेक वेळा कमी धरतो. बूट घालायला दोन मिनिटं लागतात हे खरं, पण एक मोजा सापडत नाही ती आठ मिनिटं आपण धरतच नाही.

आणि काम वाटून द्यायचं तर अख्खं द्या. समाजशास्त्रज्ञ ॲलिसन डॅमिंजर यांच्या २०१९ च्या अभ्यासात घरकामाच्या डोक्यातल्या भागाचे चार टप्पे आहेत: गरज आधीच ओळखणं, पर्याय शोधणं, निर्णय घेणं, नीट पार पडतंय का ते बघणं. घरातलं कुणी "सांग, मी करतो" म्हणालं, तर हे चारही टप्पे तुमच्याकडेच राहतात. मुलाच्या लसीकरणाचं काम दिलं, तर तारीख लक्षात ठेवणं, वेळ घेणं, कार्ड सोबत नेणं, नंतर रात्री ताप बघणं हे सगळं त्याच माणसाचं. आदल्या दिवशी आठवण करायला जाऊ नका. वेळ चुकली, तर नवी वेळ घ्यायला फोनही त्यानंच करायचा.