कानात कोण होतं?

जानेवारीत एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा, नियमित हंगाम संपला की लगेचच्या सोमवारला 'ब्लॅक मंडे' म्हणतात. त्या दिवशी कोचांच्या नोकऱ्या जातात. आमच्या हेड कोचची सकाळी नऊच्या आतच गेली. ते खोका घेऊन निघाले तेव्हा मी त्यांना भेटले नाही, मुद्दामच. मागच्या जिन्याने खाली उतरून कॉफीच्या मशीनपाशी उगाच उभी राहिले.

संघात माझं काम 'गेम मॅनेजमेंट'चं. सामन्याच्या दिवशी स्टेडियममध्ये वर, बूथच्या काचेमागे हेडसेट लावून बसायचं आणि खाली साइडलाइनवर उभ्या हेड कोचला सांगत राहायचं: टाइमआउट घ्यायचा की ठेवायचा, चौथ्या डाउनला, म्हणजे दहा यार्ड पुढे सरकायच्या चार प्रयत्नांतल्या शेवटच्याला, किक मारायची की खेळायचं, पंचांच्या निर्णयाला आव्हान द्यायचं का. प्रत्येक अर्धात तीनच टाइमआउट मिळतात. आपण बचाव करत असलो आणि घड्याळ पळत असलं, तर त्याला थांबवायचं आपल्या हातातलं तेवढंच साधन. अमेरिकन फुटबॉल हा बाहेरून दांडगाईचा खेळ दिसतो. आत बसून बघितलं की कळतं, हा वाण्याचा खेळ आहे. सेकंद मोजायचे, यार्ड मोजायचे.

नवा हेड कोच निवडायचं काम आमच्या जनरल मॅनेजरांचं, आम्ही त्यांना जीएमच म्हणतो. त्यांच्या खोलीतल्या पांढऱ्या फळ्यावर आधी अकरा नावं होती. पहिली फेरी व्हिडिओ कॉलवर झाली, कारण बरेच उमेदवार तेव्हा दुसऱ्या संघांबरोबर प्लेऑफमध्ये अडकलेले. मग प्रत्यक्ष भेटी. त्यात रूनी नियमही पाळायचा असतो. नियम 2003 सालचा. आता हेड कोचच्या जागेसाठी संघाबाहेरच्या किमान दोन अल्पसंख्याक किंवा महिला उमेदवारांना समोरासमोर भेटावंच लागतं. काही संघ हे उरकून टाकतात आणि उमेदवाराला ते कळतं. आमच्या जीएमनी प्रत्येकाला सारखाच दिवस दिला, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा.

मालकांना मात्र हवा होता 'पुढचा मॅकव्हे'. 2017 मध्ये रॅम्स संघाने शॉन मॅकव्हेला तिसाव्या वर्षी हेड कोच केलं, आदल्या वर्षी 4 सामने जिंकून 12 हरलेला संघ त्याने 11-5 वर आणला, आणि तेव्हापासून प्रत्येक मालकाला तिशीतला, आक्रमणाच्या खेळ्या रचणारा, भरभर बोलणारा मुलगा हवा असतो. जीएमचं म्हणणं असं की खेळ्या रचणं वेगळं आणि 53 खेळाडू, पंचवीसेक साहाय्यक कोच आणि एक मालक सांभाळणं वेगळं. ते उदाहरणं द्यायचे. अँडी रीड 1999 मध्ये ईगल्सचे हेड कोच झाले तेव्हा त्यांनी कोऑर्डिनेटरचं, म्हणजे आक्रमण किंवा बचावासारखं एक अख्खं खातं सांभाळणाऱ्या साहाय्यकाचं, पदही भूषवलेलं नव्हतं, ते क्वार्टरबॅकचे, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूचे, कोच होते. रेव्हन्सनी 2008 मध्ये निवडलेले जॉन हार्बो बरीच वर्षं स्पेशल टीम्स बघायचे, म्हणजे किक मारणाऱ्यांचं आणि किक अडवणाऱ्यांचं खातं. बिल बेलिचिक यांचं हेड कोच म्हणून क्लीव्हलंडमधलं खातं 36 विजय आणि 44 पराभवांवर बंद झालं होतं. पुढे पॅट्रियट्सबरोबर सहा सुपर बोल, म्हणजे लीगची सहा विजेतेपदं. मालक हे ऐकून घ्यायचे आणि पुन्हा मॅकव्हेवर यायचे.

जीएमचे प्रश्न ठरलेले होते. खेळाच्या डावपेचांवर ते फार वेळ घालवायचे नाहीत. "तुमचे तीन कोऑर्डिनेटर कोण? ते मिळाले नाहीत तर कोण? पुढच्या वर्षी त्यातला एक दुसरीकडे हेड कोच होऊन गेला तर कोण?" इथे भलेभले अडकायचे. करारात असलेल्या साहाय्यकाला त्याचा संघ त्याच पदासाठी सोडेलच असं नसतं, त्यामुळे कागदावरच्या पहिल्या पसंतीला फारसा अर्थ नाही. दुसरी यादीच खरी. उमेदवार जेवायला बाहेर गेला की जीएम त्याच्या जुन्या संघातल्या लोकांना फोन लावायचे. कोचांना नाही हं, हेल्मेटं आणि बूट सांभाळणाऱ्या माणसाला, फिजिओला.

शेवटच्या टप्प्यात उमेदवाराला आमच्याच हंगामातले पाच प्रसंग पडद्यावर दाखवायचे ठरलं. प्रसंग जीएमनी निवडले, क्लिपा कापायचं काम माझ्याकडे. यादी हातात आली आणि चौथ्या नंबरवर नजर गेली तेव्हा माझ्या पोटात गोळा आला.

तो सामना नोव्हेंबरातला. आम्ही दोन गुणांनी पुढे. चेंडू प्रतिस्पर्ध्यांकडे, आमच्या 12 यार्डांच्या रेषेवर, पहिला डाउन. घड्याळात 1:50. आमच्याकडे दोन टाइमआउट, त्यांच्याकडे एक. त्यांनी काय करावं हे शेंबडं पोरही सांगेल: चेंडू घेऊन मधोमध पळा, घड्याळ वाहू द्या, अगदी शेवटी फील्ड गोल, म्हणजे खांबांमधून तीन गुणांची किक, मारा आणि एका गुणाने जिंका. आणि आम्ही काय करायला हवं होतं, तेही उघड आहे. पहिल्या दोन डाउननंतर लगेच दोन्ही टाइमआउट वापरायचे. त्यांचा फील्ड गोल झाला तरी आमच्या हातात पन्नासेक सेकंद उरले असते. आम्ही एकही वापरला नाही. तीन सेकंद राहिले असताना त्यांनी त्यांचा टाइमआउट घेतला, किक मारली, खेळ खलास. आमचे दोन्ही खिशातच.

त्या रात्री पत्रकारांसमोर हेड कोच म्हणाले, "निर्णय माझा, चूक माझी." दुसरं अक्षर बोलले नाहीत. मलाही नाही.

पहिला उमेदवार 36 वर्षांचा, नावाजलेला आक्रमण कोऑर्डिनेटर. चौथी क्लिप सुरू झाली आणि तिसऱ्या सेकंदाला त्याने हात वर केला. "टाइमआउट. 1:45 ला एक, 1:40 ला दुसरा. यात विचार करायचं आहेच काय?" मग आमच्या जुन्या कोचवर एक चुरचुरीत शेरा मारला. मालक खळखळून हसले. उत्तर शंभर टक्के बरोबर होतं. मी पुढची क्लिप लावली.

दोन दिवसांनी दुसरे आले. पन्नाशीतले गृहस्थ, बचावाच्या बाजूचे, आवाज बसका. जुना चष्मा, त्याची एक काडी टेपने चिकटवलेली. चौथी क्लिप त्यांनी पूर्ण बघितली. परत लावायला सांगितली. मग म्हणाले, "पहिल्या डाउननंतर तुमचे कोच कानावर हात धरून उभे आहेत, बघा. कुणाचं तरी ऐकताहेत. त्यांच्या कानात कोण होतं?"

मालकांनी जीएमकडे बघितलं. जीएम म्हणाले, "निर्णय त्यांचा होता."

"निर्णय त्यांचाच. पण वरून त्यांना काय सांगितलं गेलं? आणि सांगणारा माणूस अजून इथे आहे का?"

खोलीत प्रोजेक्टरच्या पंख्याचा आवाज येत होता. रिमोट माझ्या हातात. कोचांच्या आपसातल्या बोलण्याचं ध्वनिमुद्रण आमच्याकडे होत नाही, म्हणजे मी गप्प बसले असते तर हा विषय तिथेच मिटला असता. दोन महिने मिटलेला होताच.

"मी होते," मी म्हणाले.

जीएमनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मालकांनी खुर्ची वळवली. उमेदवारांच्या चेहऱ्यावर मात्र काही हललं नाही. त्यांनी विचारलं, "नेमके शब्द काय होते?"

मला ते शब्द पाठ होते. "दोन शिल्लक आहेत. ठेवता येतील."

"'ठेवा' म्हणालीस की 'ठेवता येतील'?"

"ठेवता येतील."

"तुला काय म्हणायचं होतं?"

आता इथे खरं सांगायचं तर मलाही तेव्हा माहीत नव्हतं. माझ्यासमोरचा तक्ता 'वापरा' म्हणत होता. पण किक चुकली तर, आपल्याला चेंडू मिळाला तर, असं काहीबाही डोक्यात होतं, आणि आदल्याच आठवड्यात मी सांगितलेला टाइमआउट वाया गेल्यामुळे बोलणी बसली होती. म्हणून मी सल्ल्यासारखी वाटणारी नुसती माहिती दिली. त्याच वेळी लाइनवर बचावाचे कोऑर्डिनेटर पुढची खेळी ओरडून सांगत होते, कारण प्ले क्लॉक, म्हणजे पुढची खेळी सुरू करायला दिलेल्या वेळेचं घड्याळ, पंधरा सेकंदांवर आलं की खेळाडूच्या हेल्मेटमधला रेडिओ बंद पडतो. मी हे सगळं सांगितलं. बसक्या आवाजाचे गृहस्थ लिहून घेत होते. उमेदवार लिहून घेतोय आणि समिती बघतेय, असं मी तोवर पाहिलं नव्हतं.

"लाइनवर एका वेळी किती जण बोलू शकत होते?"

"चार."

"मग त्यांना ते ऐकू तरी आलं का, हे तुला माहीत आहे?"

नव्हतं माहीत. मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं.

टाइमआउट कधी घ्यायला हवा होता, हे त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. मालकांनी नंतर तोच मुद्दा धरला: "साध्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही."

सहा वाजून गेल्यावर जीएमनी मला खोलीत बोलावलं. माझी नोकरी गेली असं मी धरूनच चालले होते. ते म्हणाले, "त्यांनी विचारलं नसतं तर सांगितलं असतंस?"

"नाही."

"मीही कधी विचारलं नाही," ते म्हणाले, आणि फोन उचलून त्यांनी आमच्या जुन्या हेड कोचना लावला. माझ्यासमोरच. ज्या माणसाला तीन आठवड्यांपूर्वी काढलं, त्यालाच विचारत होते की वरून काय ऐकू आलं होतं. मला पलीकडचं नीट ऐकू येत नव्हतं. जीएम बराच वेळ नुसते हुं हुं करत राहिले. फोन ठेवून म्हणाले, "त्यांना फक्त 'ठेवा' ऐकू आलं होतं. तुझं नाव सांगायचं त्यांच्या मनात नव्हतं, म्हणतात." मग फळ्यापाशी गेले आणि बराच वेळ पाठमोरे उभे राहिले.

मालकांना पटवायला आणखी चार दिवस गेले. त्या चार दिवसांत बंद दाराआड काय झालं ते मला माहीत नाही. एकदा मालकांचा चढलेला आवाज कॉरिडॉरपर्यंत आला, एवढंच. शेवटी बसक्या आवाजाचे गृहस्थ आमचे हेड कोच झाले. 36 वर्षांच्या त्या मुलालाही दुसऱ्या संघात हेड कोचची जागा मिळाली. तो हुशार आहे, जिंकेलही.

मी जुन्या कोचना पत्र लिहिलं. उत्तर आलेलं नाही.

मे महिन्यात एका दुपारी नव्या कोचनी मला रिकाम्या स्टेडियममध्ये बूथवर पाठवलं. स्वतः खाली साइडलाइनवर हेडसेट लावून उभे राहिले. लाउडस्पीकरवर गर्दीचा आवाज सोडला, लाइनवर आणखी तिघांना मुद्दाम बोलत राहायला सांगितलं आणि स्कोअरबोर्डवर 1:50 लावलं. चेंडू 12 यार्डांवर. घड्याळ 1:45 वर आलं. मी बटण दाबून म्हणाले, "टाइमआउट, आत्ता."

खालून त्यांनी कानावर हात ठेवला, मान हलवली. "ऐकू आलं नाही. परत."