आतड्याला जंतू कळतो कसा?

तुम्ही विचारलंत म्हणून. प्रश्न नेहमीचाच आहे: दह्याताकातले जंतू रोज पोटात जातात, काही होत नाही, मग कच्चट अंड्यातून साल्मोनेला गेला की मुरडा, ताप, आव का? आतड्याला चांगला-वाईट कळतो कसा?

माझं उत्तर असं, की आतडं जंतूची जात फारशी विचारत नाही. तो कुठवर आलाय आणि तिथे काय करतोय, हे बघतं.

आतड्याचं अस्तर म्हणजे पेशींचा एकच थर. मोठ्या आतड्यात त्यावर चिकट शेमेचे दोन पदर असतात. बाहेरच्या पदरात जंतू सुखाने नांदतात. पेशींना लागून असलेला आतला पदर मात्र जवळजवळ जंतूविरहित. आता गंमत बघा. बऱ्याच जिवाणूंच्या शेपटीत फ्लॅजेलिन नावाचं प्रथिन असतं आणि ते ओळखणारा टीएलआर-5 हा ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे खूण ओळखणारं प्रथिन) आपल्या पेशींवर असतो. पण मोठ्या आतड्यात तो मुख्यतः पेशीच्या खालच्या, रक्ताकडच्या अंगाला. वर अन्नाच्या बाजूला शेपट्या वळवळल्या तरी फारसा गवगवा नाही. खालच्या अंगाला शेपटी सापडली, तर कुणीतरी भिंत ओलांडली हे नक्की. या सगळ्या विषयात मला ही मांडणी सर्वात देखणी वाटते.

साल्मोनेलाकडे सुईसारखं यंत्र आहे. ते पेशीला लावून तो स्वतःची प्रथिनं आत टोचतो. पेशीचा आतला सांगाडा विस्कटतो, वरचं पटल लाटेसारखं उसळतं आणि जंतूला आत घेतं. पण हीच ढवळाढवळ पेशीला कळते. शिवाय जिवाणूच्या भिंतीचे तुकडे आत आले की एनओडी1 हा पेशीच्या आतला ग्राहक त्यांना पकडतो. मग एरवी पेशीरसात बांधून ठेवलेल्या एनएफ-कप्पा-बी या प्रथिनाचं दावं सुटतं. तो केंद्रकात शिरून इंटरल्यूकिन-8 या निरोप्या प्रथिनाचं जनुक चालू करतो. इंटरल्यूकिन-8 खालून पाझरतं आणि रक्तातले न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) ओढून आणतं. हेपॉक्सिलिन ए3 हा दुसरा निरोप्या रेणू वरच्या बाजूला सुटतं आणि त्यांना अस्तरातून आरपार आतड्याच्या पोकळीत खेचतं. पेशींच्या सांध्यांतून ते गर्दीने घुसतात, सांधे सैल होतात, पाणी गळतं. शौचाच्या रिपोर्टवर ‘पस सेल्स’ लिहून येतात, त्या प्रामुख्याने याच.

दुसरा उपाय अधिक कठोर. पेशीत सुईचं किंवा शेपटीचं प्रथिन सापडलं, तर ती पेशीच उपटून बाहेर टाकली जाते. शेजारच्या पेशी खालून आवळत येतात, ती वर ढकलली जाते आणि आतल्या जंतूंसकट गळून पडते. उंदरांवरच्या प्रयोगांत हे स्पष्ट दिसलंय. अस्तर एरवीही 3 ते 5 दिवसांत नवं होतच असतं, म्हणून हे परवडतं.

पण साल्मोनेलाला न्यूट्रोफिलांच्या गर्दीचा हा दाह हवाच असतो. न्यूट्रोफिल जे ऑक्सिडंट सोडतात, त्यांनी आतड्यातल्या थायोसल्फेटचं टेट्राथायोनेट होतं. त्यावर साल्मोनेला श्वसन करू शकतो, आपले नेहमीचे बहुतेक जंतू करू शकत नाहीत. शेजारी मागे पडतात, तो वाढतो. हे 2010 साली दाखवलं गेलं. दाह म्हणजे नेहमी आपलीच बाजू, असं म्हणूनच धरू नये.

उलट उदाहरणंही आहेत. कॉलऱ्याचा जंतू आत शिरतच नाही. वरूनच विष सोडतो. भाताच्या पेजेसारखं पाणी जातं, पण पस सेल्स नाहीत किंवा अगदी थोड्या. टायफॉइडचा साल्मोनेला व्हीआय नावाचं आवरण पांघरून पेशींच्या नजरेआड राहतो, म्हणून सुरुवातीला बऱ्याच जणांना जुलाबाऐवजी ताप चढत जातो.

उपचारही यावरूनच ठरतात. पाण्यासारखे जुलाब असोत वा आव, ओआरएस दोन्हीकडे लागतं: 1 लिटरचं पाकीट असेल तर पूर्ण 1 लिटर पाण्यातच, पाणी कमी नाही, जास्त नाही. रक्त पडत असेल किंवा ताप असेल तर जुलाब थांबवणारी लोपेरामाइडची गोळी घेऊ नका. ती आतड्याची हालचाल मंदावते आणि जंतू व त्यांचं विष आतच रेंगाळतं. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, आणि शौचाची तपासणी सांगितली तर अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्याआधी नमुना द्या.