सर्किट बोर्डाची जोडणी पैसे देऊन बाहेरून करून घ्यावी का?

आज फोंड्यात आमच्या स्वयंसेवी ओपन हार्डवेअर गटात (म्हणजे उपकरणांची डिझाइन सगळ्यांसाठी खुली ठेवणारा गट) यावरच वाद झाला. पाऊस मोजणाऱ्या बोर्डावर ०४०२ मापाचे भाग आहेत, जेमतेम १ बाय ०.५ मिलिमीटर! ते हाताने सोल्डर करण्यात नोकरी सांभाळून येणाऱ्या पोरांचे रविवार जातात. "पैसे मोजले की सेवा कसली?" असं एक काका म्हणाले. मला ते पटलं नाही. जोडणी खुशाल वेर्ण्याच्या एखाद्या कारखान्याला द्या, डिझाइन मात्र नको. कीकॅड या बोर्ड आखायच्या सॉफ्टवेअरमधल्या मूळ फाइली आपल्याकडे आणि सगळ्यांसाठी खुल्याच हव्यात. कारखान्याला देतात त्या नुसत्या गर्बर फाइलींवरून बोर्ड बनतो, पण पुढच्याला तो नीट सुधारता येत नाही. सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेच्या २०२० च्या ओपन हार्डवेअर लायसन्सचा कडक प्रकार लावला, तर बदल करून बोर्ड विकणाऱ्यालाही मूळ फाइली द्याव्या लागतात. काकांना हा मुद्दा आवडला. वर्गणीचा हिशेब पुढच्या बैठकीत.